बॅबिलोनी पद्धतीचे उठावशिल्प मातीत कसे करावे

आजच्या इराकमधील तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांनी आणून टाकलेल्या गाळावर बॅबिलोन हे प्राचीन नगर वसले होते, आणि त्या गाळात कोरण्याजोगा दगड जवळजवळ नव्हताच. बॅबिलोनी उठावशिल्प, म्हणजे सपाट पाटीवरून आकृती थोडी वर उठलेली असते ते शिल्प, समजून घ्यायचे तर सुरुवात येथूनच करावी लागते. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांचा प्रसिद्ध स्तंभ काळ्या, कठीण दगडाचा आहे हे खरे. परंतु तो दगड बाहेरून आणलेला होता आणि अशी कामे राजाच्या आज्ञेनेच होत. सर्वसामान्य घरांतून, देवळांतून आणि पुढे नगराच्या वेशीवरही जे उठावशिल्प दिसे ते मातीचे होते: कधी साच्यातून काढलेला तळहाताएवढा फलक, तर कधी अनेक विटांवर पसरलेला सिंह. म्हणूनच या शिल्पाची ओळख पुस्तकातील छायाचित्रांपेक्षा हाताने अधिक चांगली होते, असे माझे मत अनेक वर्षांच्या मातीकामानंतर पक्के झाले आहे. या लेखात एक लहान फलक साच्यातून कसा काढावा हे सविस्तर सांगितले आहे आणि त्यानंतर विटांवरील सिंहाची एक छोटी प्रतिकृती कशी करावी हे दिले आहे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मेसोपोटेमियातील, म्हणजे याच दोन नद्यांच्या प्रदेशातील, राजवाड्यांचे जे दगडी उठावफलक आहेत ते असिरियन आहेत. असिरिया उत्तरेला होते आणि तेथे जिप्समचा मऊ दगड मुबलक मिळे. त्यामुळे तेथील कारागिरांनी भिंतीच्या भिंती दगडी फलकांनी मढवल्या. ते फलक अवश्य पाहावेत, पण छिन्नीने कोरून काढलेली ती कडा डोळ्यांसमोर ठेवून मातीला हात घालू नये. मातीची कडा अंगठ्याने दाबून येते आणि तिचा गोलावा वेगळा असतो.

आधी काय पाहावे

दोन कलाकृतींची चांगली छायाचित्रे मिळवावीत आणि काम संपेपर्यंत समोर ठेवावीत.

पहिली हम्मुराबीच्या स्तंभाचा माथा. हा २.२५ मीटर उंचीचा स्तंभ १९०१-०२ मध्ये फ्रेंच उत्खननात इराणमधील सूसा येथे सापडला, कारण एलाम या शेजारच्या प्राचीन राज्याच्या राजाने तो इ.स.पू. बाराव्या शतकात लुटून नेला होता. आज तो पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. माथ्यावर सूर्यदेव शमश सिंहासनावर बसला आहे आणि हम्मुराबी त्याच्यापुढे उजवा हात तोंडाजवळ नेऊन उभा आहे. देवाच्या खांद्यांतून ज्वाळा निघतात, डोक्यावर शिंगांच्या जोड्या एकावर एक रचलेला मुकुट आहे, हातात दंड आणि कडे आहे, पायांखाली खवल्यांसारखे दिसणारे डोंगर आहेत. राजाच्या डोक्यावर मात्र जाड काठाची गोल टोपी आहे. आता दोघांच्या डोक्यांची उंची पाहावी. बसलेला देव आणि उभा राजा यांची डोकी जवळजवळ एकाच पातळीवर आहेत. म्हणजे देव उठून उभा राहिला तर तो राजापेक्षा कितीतरी उंच ठरेल. मोठेपण दाखवण्याची ही रीत शिकून घेण्यासारखी आहे.

दुसरी कलाकृती ब्रिटिश म्युझियममधील ‘रात्रीची राणी’ या नावाने ओळखला जाणारा भाजक्या मातीचा फलक. तो सुमारे ५० सेंटिमीटर उंच आणि ३७ सेंटिमीटर रुंद आहे, इ.स.पू. १९ व्या-१८ व्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो आणि संग्रहालयाने तो २००३ मध्ये विकत घेतला. पंख असलेली, पक्ष्यासारखे नखरदार पाय असलेली एक देवी दोन सिंहांच्या पाठीवर उभी आहे आणि दोन्ही बाजूंना घुबडे आहेत. आपल्या कामाच्या दृष्टीने तिच्या अंगावरील बारीक खड्डे महत्त्वाचे आहेत. कारागिराने मातीत भुसा मिसळला होता. भट्टीत तो जळून गेला आणि त्याच्या जागा रिकाम्या राहिल्या. फलकाची मूळ घडण साच्यातील असावी, तर हातातील दंड-कडे, केसांच्या बटा आणि घुबडांचे डोळे मागाहून वेगळे लावलेले आहेत, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. भाग लावून झाल्यावर पृष्ठभाग घोटला गेला आणि शेवटी टोकदार हत्याराने रेघा ओढल्या गेल्या. साचा, जोड, घोटाई आणि रेघ या क्रमानेच आपणही जायचे आहे.

विषय आणि रेखाटन

पहिल्या फलकासाठी एकच आकृती घ्यावी. इ.स.पू. २००० ते १६०० या काळातील तळहाताएवढ्या फलकांवर देवदेवतांबरोबरच बसलेला हार्पवादक, काम करणारा सुतार, दांडग्या कुत्र्याला घेऊन चाललेला माणूस असे रोजच्या जगण्यातले विषय आढळतात, आणि शिकणाऱ्याला हेच विषय सोपे जातात. मी नवख्यांना हार्पवादक घ्यायला सांगतो, कारण बसलेल्या आकृतीचे पाय, आसन आणि वाद्य मिळून एक सलग आकार तयार होतो आणि कोठे बारीक, तुटण्याजोगे टोक उरत नाही. देवता घ्यायची असेल तर शिंगांचा मुकुट विसरू नये. तेथे देवपण ओळखण्याची खूण तीच आहे.

रेखाटन १३ सेंटिमीटर उंच आणि ९ सेंटिमीटर रुंद चौकटीत करावे. वाळून आणि भाजून माती साधारण दहा टक्के आटते, आणि येथे ती दोनदा आटणार आहे, एकदा साचा होताना आणि एकदा फलक होताना. म्हणजे हाती येणारा फलक साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास असेल. डोके आणि पावले बाजूने, खांदे समोरून, डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा पूर्ण, अशी या कलेतील नेहमीची मांडणी आहे. ती चूक समजून दुरुस्त करू नये. आकृती चौकटीच्या वरच्या आणि खालच्या काठाला जवळजवळ टेकलेली ठेवावी. चहूकडे मोकळी जागा सोडली की फलक लगेच आजचा वाटू लागतो.

माती

मूर्तीसाठी शाडू सहज मिळतो, पण ही वस्तू भाजायची असल्यामुळे कुंभाराकडची लाल माती घ्यावी. ती भिजवून, कापडातून गाळून, गोणपाटावर पसरून पाणी आटू द्यावे. हाताला न चिकटण्याइतपत झाली की कणकेसारखी पण जोर लावून मळावी, म्हणजे आत हवा राहत नाही. ‘रात्रीच्या राणी’सारखा पोत हवा असेल तर बारीक चाळलेला गव्हाचा भुसा पाच वाट्या मातीला अर्धी वाटी या प्रमाणात मिसळावा. भुशामुळे माती वाळताना कमी तडकते, हा त्याचा खरा उपयोग. नमुना आणि साचा यांच्या मातीत मात्र भुसा घालू नये. तेथे पृष्ठभाग गुळगुळीतच हवा.

नमुना

सगळे काम या पायरीवर अवलंबून आहे, म्हणून येथे वेळ द्यावा. पोळपाटावर कापड अंथरून दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर जाडीच्या पट्ट्या ठेवाव्यात आणि त्यांच्यावरून लाटणे फिरवून एकसारख्या जाडीची पाटी लाटावी. पाटीवर रेखाटन ठेवून सुईने टोचून घ्यावे. आकृतीचा भाग ओरखडून, मातीची पातळ रबडी लावून त्यावर मातीचे गोळे बसवावेत आणि अंगठ्याने पसरत आकार आणावा. सर्वांत उंच भाग, म्हणजे डोके आणि गुडघा, पाटीपासून सात-आठ मिलिमीटरपेक्षा वर येऊ देऊ नये.

आता मुख्य नियम. आकृतीची कड पाटीकडे उतरताना नेहमी बाहेर पसरत उतरली पाहिजे. ती आतल्या बाजूला वळता कामा नये. हनुवटीखाली, काखेत, वाद्याच्या दांड्याखाली आत जाणारी खाच राहिली की साच्यातली माती तेथे अडकते आणि फलक निघताना डोकेच तुटून येते. दगड कोरणारा कारागीर अशी खाच मारून गडद सावली मिळवू शकतो. साच्याने काम करणाऱ्याला ती मुभा नाही. बॅबिलोनी फलकांतील आकृत्या उशीसारख्या फुगीर, कडांना मऊ दिसतात, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. खोलीचा हा अभाव त्यांनी रेघांनी भरून काढला: दाढीच्या वळणदार रेघा, वस्त्राच्या झालरींचे थर, पंखांतील पिसांच्या ओळी. उंची कमी आणि पृष्ठभागावर रेघांची श्रीमंती, हा या शैलीचा गाभा आहे.

नमुना झाला की खोली अंधारी करून एका बाजूने, जवळजवळ पाटीला समांतर, दिव्याचा प्रकाश पाडावा. प्रत्येक कडेला बारीक पण स्पष्ट सावली पडली पाहिजे. जेथे सावली पडत नाही तेथे आकृतीची उंची वाढवण्याऐवजी भोवतालची पाटी थोडी खाली घ्यावी.

कोणी थेट साच्यातच उलटे कोरू पाहील, तर तेही शक्य आहे. मेसोपोटेमियातील मुद्रा कोरणारे कारागीर नळीच्या आकाराच्या लहानशा दगडावर सारे चित्र उलटे आणि खोलगट कोरत, आणि ती मुद्रा ओल्या मातीवर फिरवली की सुलटे उठावचित्र उमटे. फक्त एवढे लक्षात ठेवावे की साच्यात डाव्या बाजूला कोरलेला हात फलकावर उजवीकडे येतो. नमुन्यावरून साचा घेतल्यास ही अडचण राहत नाही.

साचा

बोटाने दाबले तर ठसा उमटत नाही पण नखाने रेघ ओढता येते, इतका नमुना आवळला की साचा घ्यावा. नमुन्यावर चाळलेली राख मऊ कुंचल्याने पसरावी. रेघांत राख साचली तर फुंकून काढावी. त्यावर मऊ मातीचे छोटे छोटे तुकडे मधून कडांकडे दाबत जावे आणि एकूण जाडी अडीच-तीन सेंटिमीटर करावी. पाठ सपाट थापटून घ्यावी, म्हणजे साचा पुढे नीट बसतो. काही तासांनी साचा स्वतःचा आकार धरू लागला की दोन्ही उलटे करून नमुना अलगद उचलावा. रात्रभर तसेच ठेवण्याचा मोह टाळावा. साच्याची माती आटत नमुन्याला आवळून धरते आणि मग एकतर साचा तडकतो किंवा नमुना.

साचा सावलीत आठ-दहा दिवस वाळवून भाजून घ्यावा. भाजलेली माती सच्छिद्र असते आणि ओल्या मातीतील पाणी ओढून घेते, त्यामुळे फलक आपोआप सुटतो. भट्टीची सोय लगेच नसेल तर गणपतीच्या कारखान्यांत वापरतात तसा प्लास्टरचा साचा घेता येईल. पाणी ओढण्याचे काम तोही करतो.

एका साच्यातून अनेक फलक निघतात आणि जुन्या फलकावरून नवा साचाही काढता येतो. पण प्रत्येक वेळी आकार आटतो आणि रेघा बोथट होतात. एकाच चित्राचे थोडे लहान, थोडे पुसट फलक एकापुढे एक ठेवले की कोणते मूळ साच्याला जवळचे आणि कोणते नकलेची नक्कल, हे यावरून ओळखता येते.

फलक दाबून काढणे

साच्यात सर्वांत खोल जागा डोक्याची. तेथे आधी बोराएवढी मातीची गोळी अंगठ्याने घट्ट बसवावी, मग गुडघ्याच्या जागी, मग वाद्याच्या. या गोळ्या बसल्यावरच वरून दीड सेंटिमीटर जाडीची चकती ठेवून मधून बाहेर दाबत जावे. एकदम मोठा गोळा टाकून दाबल्यास नाकाच्या जागी हवा अडकते आणि फलकाला नाकच येत नाही. जास्तीची माती तारेने साच्याच्या काठाबरोबर कापावी आणि पाठ ओल्या बोटांनी सारवल्यासारखी पुसावी. प्राचीन फलकांच्या पाठी अशाच आहेत, किंचित फुगीर, हाताने पुसलेल्या, आणि काहींवर पुसणाऱ्याच्या बोटांच्या खुणा आजही दिसतात. पाठ घासून गुळगुळीत करू नये, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

पंधरा-वीस मिनिटांत कडेने केसाएवढी फट दिसू लागते. पाठीवर फळी ठेवून साचा उलटा करावा आणि हलकेच थोपटावा. फलक निघाल्यावर तासभर थांबून राहिलेले काम करावे: डोळ्याची कड, दाढीच्या रेघा, वाद्याच्या तारा. तारांसाठी बांबूची टोकदार काडी उत्तम. एखादा भाग वेगळा लावायचा असेल, जसे कानातले किंवा हातातले कडे, तर तो याच वेळी रबडीने चिकटवावा. शेवटी चमच्याच्या पाठीने उंच भाग घोटून घ्यावेत.

वाळवण्याची घाई करू नये. माझे पहिले चार फलक मी एप्रिलमध्ये गच्चीवर उन्हात ठेवले होते आणि संध्याकाळपर्यंत चारही पापडासारखे वाकले, कारण वरची बाजू आटली आणि खालची ओलीच राहिली. वर्तमानपत्राच्या घड्यांवर, सावलीत, कडांवर ओलसर कापड टाकून वाळवावे आणि रोज एकदा पालथे करावे. पूर्ण वाळला की नाही हे गालाला लावून पाहावे. गार लागला तर आत ओल आहे. अशी ओल राहिलेला फलक भट्टीत वाफेने फुटतो, आणि शेजारच्या वस्तूही फोडतो.

भाजण्यासाठी ओळखीच्या कुंभाराच्या आव्यात जागा मागावी किंवा मातीकामाच्या स्टुडिओतील विजेची भट्टी वापरावी. विजेच्या भट्टीत पहिले दोन-तीन तास आच अगदी मंद ठेवून पुढे ८०० ते ९०० अंशांपर्यंत नेणे पुरेसे होते.

रंग द्यावा की नाही, याविषयी संकोच बाळगू नये. ‘रात्रीच्या राणी’चे अंग लाल होते, पंखांची पिसे लाल, काळी आणि पांढरी अशी आलटूनपालटून रंगवलेली होती आणि मागची पाटी काळी होती, त्या रंगांचे अंश फलकावर मिळाले आहेत. आपल्याकडे गेरू, काजळी आणि खडूची पूड डिंकाच्या पाण्यात कालवली की हे तिन्ही रंग तयार होतात.

विटांचा सिंह

फलकावर हात बसला की विटांकडे वळावे. घडीव विटांची आकृती जोडून भिंतीवर उठावशिल्प उभे करण्याची ही युक्ती दक्षिण मेसोपोटेमियातील उरुक या नगरात राजा करइंदाशने इ.स.पू. पंधराव्या शतकात बांधलेल्या इनान्ना देवीच्या देवळात दिसते आणि राजा नेबुकॅडनेझर दुसरा (इ.स.पू. ६०५-५६२) याच्या बॅबिलोनमध्ये ती कळसाला पोहोचली. जर्मन पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट कोल्डवे यांनी १८९९ ते १९१७ या काळात तेथे उत्खनन केले. इश्तार देवीच्या नावाच्या नगरवेशीकडे, म्हणजे इश्तार वेशीकडे, जाणाऱ्या मिरवणुकीच्या रस्त्याच्या दोन्ही भिंतींवर मिळून सुमारे १२० सिंह होते. वेशीवर वादळाचा देव अदद याचे बैल आणि बॅबिलोनचा मुख्य देव मार्दुक याचा मुशहुश्शू. मुशहुश्शू म्हणजे सापाचे डोके, खवल्यांचे अंग, पुढचे पाय सिंहाचे, मागचे गरुडाचे आणि शेपटीला विंचवाची नांगी असलेला प्राणी.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील सिंहाचा पट्टा सुमारे ९७ सेंटिमीटर उंच आणि २.२७ मीटर लांब आहे. आपण २८ सेंटिमीटर लांब, १२ सेंटिमीटर उंच आणि ३ सेंटिमीटर जाड मातीची लादी आडवी ठेवून त्यावर चालता सिंह एका सेंटिमीटरच्या उंचीत उठवावा. जबडा उघडा, शेपटी मागे खाली, चारही पाय जमिनीवर. माती आवळली की पट्टी धरून तारेने दोन-दोन सेंटिमीटरच्या सहा आडव्या ओळी कापाव्यात. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या ओळीत सात-सात सेंटिमीटरवर छेद द्यावा. मधल्या ओळींत सुरुवात आणि शेवट साडेतीन सेंटिमीटरच्या अर्ध्या विटेने करावा, म्हणजे सांधे एकावर एक येत नाहीत. एकूण २७ विटा होतात. सिंहाचा डोळा सांध्यावर येणार नाही हे कापण्याआधी पाहून घ्यावे. येत असेल तर रेखाटनच अर्धा सेंटिमीटर सरकवावे. बॅबिलोनमध्ये सिंह शेकड्याने हवे होते, म्हणून प्रत्येक जागेच्या विटेचा साचा लागला. एका सिंहासाठी कापणे पुरते.

कापल्याबरोबर प्रत्येक विटेच्या वरच्या बाजूला ओळीची आणि जागेची खूण करावी, ओळीसाठी उभ्या रेघा आणि जागेसाठी टिंबे. बॅबिलोनच्या विटांच्या वरच्या बाजूवरही गवंड्यांसाठी अशाच जुळवणीच्या खुणा होत्या. खूण करायची राहिली तर भट्टीतून आलेल्या २७ लाल तुकड्यांचा सिंह जुळवण्यात अख्खी दुपार जाते.

झिलई द्यायची असल्यास शिसे नसलेली तयार झिलई घ्यावी. प्राचीन पिवळा रंग शिसे आणि अँटिमनीचा होता. तो घरी करण्याच्या भानगडीत पडू नये. आकृतीची बाह्यरेषा काळ्या झिलईने आखून मधल्या जागा रंगाने भराव्यात, पार्श्वभूमी निळी. सिंह दोन प्रकारचे होते, पांढऱ्या अंगाचे पिवळ्या आयाळीचे आणि पिवळ्या अंगाचे लाल आयाळीचे. झिलई नको असेल तरी काही बिघडत नाही. इश्तार वेशीची झिलईदार पुनर्रचना बर्लिनला आहे, पण बॅबिलोनच्या जागेवर वेशीच्या खालच्या भागातील बैल आणि मुशहुश्शू आजही साध्या, बिनझिलईच्या विटांत उभे आहेत, आणि कडेने ऊन पडले की त्यांचा उठाव झिलईवाल्यांपेक्षा अधिक स्वच्छ वाचता येतो असे मला वाटते.

विटा फळीवर खालच्या ओळीपासून पातळ चुन्याने बसवाव्यात आणि सांधे अगदी बारीक ठेवावेत. पट्टा डोळ्यांच्या उंचीवर, खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर लावावा, म्हणजे उजेड बाजूने येतो. दाराजवळ लावायचा झाल्यास सिंहाचे तोंड बाहेरच्या दिशेला ठेवावे. मिरवणुकीच्या रस्त्यावरचे सिंहही नगराकडे येणाऱ्या माणसाला समोरून चालत येताना दिसत.